रिकाम्या जागेचा ठोकळा

२ तारीख
आलो बुवा एकदाचा! नोकरी झकास. डोंगराच्या पोटात किलोमीटरभर खोल भोक पाडून काढलेल्या दगडी कांड्या लांब पेट्यांत क्रमाने मांडल्यात; त्या सांभाळायच्या, कापून तपासायच्या. राहायला या भांडाराच्या वरचीच खोली. बायको आणि लेक बारा तारखेला येतील. लेकीला आम्ही शेपूट म्हणतो, कारण ती सदा माझ्या मागे. भांडारातले काका शब्दही मोजूनमापून वापरतात. त्यांचा नियम एकच: पेटीतून तुकडा काढला की तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. मी म्हटलं, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसंच की! काका हसले नाहीत.

४ तारीख
सगळ्यात खालच्या पेटीतून वीतभर तुकडा काढला. काय दगड आहे! एके काळचा समुद्रतळाचा चिखल. डोंगर उभे राहताना खोल दाबला गेला, तापला, पण वितळला नाही. घट्टच राहून आतून अख्खा पालटला, मुरलेल्या कारकुनासारखा. कण न् कण एका दिशेनं आडवा झालाय. त्यात गार्नेटचे लाल खडे वाढलेत, तेही शेजारी जे सापडेल ते पोटात घेऊन. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. चहा निवून गेला.

५ तारीख
ठोकळा ठेवायचा विसरलो होतो. सकाळी पाहतो तर फट नाहीच. दोन्हीकडच्या कांड्या जुळून एक झाल्यात, नख शिरत नाही. काढलेला तुकडा परत बसवायला जागाच नाही. काकांचा चेहरा पडला. म्हणाले, आधीचा माणूसही असाच विसरला होता. पुढचं विचारलं तर पेटी लावून निघून गेले.

७ तारीख
कपाटाचं दार पलंगाला अडतं. परवा अडत नव्हतं. टेप लावली. खोली वीतभर कमी.

८ तारीख
काल रात्रीपर्यंत आणखी एक वीत. घाबरून काकांच्या घरी झोपलो. सकाळी त्यांची भिंत माझ्या उशीला टेकली होती. म्हणजे दोष खोलीचा नाही. मी जिथे, तिथे. काकूंनी हात जोडले, परत आलो. बायकोला फोन केला, येऊ नका, जागा आवळतेय. ती हसली. म्हणाली, मनात जागा असली की झालं, आम्ही मावू कसंही.

१० तारीख
पलंग मोडला. दोन्ही कोपरं भिंतींना. ठोकळे लावले, त्यांचा चुरा झाला. दार उघडं आहे — पण गुडघे वाकत नाहीत. काकांनी पाय धरून ओढलं. हललो नाही. त्यांना विनवलं, परवा स्टँडवर जा, माझ्या माणसांना तिथूनच परत पाठवा.

१२ तारीख
पेन्सिल तेवढी हलते. जिन्यावर पावलं — काकांची चुकामूक झाली —
शेपूट. दारात. ओरडायचंय, छाती फुलत नाही.
वाकून बघतेय. आईला हाक मारून सांगतेय, बाबाच्या बाजूला माझ्यापुरती जागा आहे —
नको गं बाळा —
चप्पल काढली. हात आत —