पावट्याच्या पानावरचं काळं

आये, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तू होतीस तेव्हा जे बोलायची हिंमत झाली नाही ते आज लिहायला बसलोय. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून नात आली आहे. शाळेने काम दिलंय: घराच्या आजूबाजूचे दहा किडे शोधा, चित्रं काढा, नावं लिहा. मी ऐटीत म्हटलं, दहा काय, माझ्या आईने एका परसात तुला पन्नास दाखवले असते. दोन दिवस आम्ही आजा-नात वाकून वाकून फिरलो. मिळालं काय, तर मुंगी, माशी, डास आणि झुरळ. ती म्हणाली, "आजोबा, हे तर आमच्या बिल्डिंगमध्ये पण आहेत." 

तुझ्या चुलीच्या वर, फळीखाली, कुंभारणीने, त्या गांधीलमाशीसारख्या माशीने, मातीचं घर केलं होतं. मी आठेक वर्षांचा, हातात केरसुणी, एका फटक्यात ते पाडलं. तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानेच माझा कान पिळलास आणि ते ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवून हलकेच फोडलंस. आत तिची पांढरी अळी, आणि त्या अळीला खायला भरून ठेवलेल्या हिरव्या अळ्या, नुसत्या सुन्न पडलेल्या. "बघ मेल्या, पोराचा डबा भरून ठेवला व्हता तिनं. आता येल नि शोधत बसल." ती खरंच आली. दिवेलागणीपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती घोंघावत राहिली, आणि तू मला तिथून उठू दिलं नाहीस. पुढे गणपतीच्या आधी भिंती रंगवताना वीतभर जागा तू तिच्यासाठी कोरी सोडायचीस. दसऱ्याला नवं बांधताना दाराला, उखळाला, नांगराला भाताच्या लोंब्या बांधून झाल्या की एक लोंबी त्या फळीच्या खिळ्यालाही लावायचीस. शेजारणी हसायच्या. तू म्हणायचीस, "हसा गो. ती पन घरातलीच हाय."

हे सगळं शिकून मी महाडला शेतीच्या औषधांच्या दुकानात लागलो. लोक काडेपेटीत किडा घालून आणायचे, मी पेटी उघडायचो, बघायचो, नाव सांगायचो आणि बाटली काढून द्यायचो. मालक म्हणायचे, याची नजर पक्की आहे. नजर तुझी होती, आये. मोतीबिंदू दाखवायला तू महाडला आलीस, त्या दिवशी माझ्या दुकानात पोत्यावर बसली होतीस. तुडीलची एक बाई पावट्याचा शेंडा घेऊन आली. "भाऊ, ह्ये काळं काटेरी काय पडलंय बघा. येल पार आटला." तू पान हातात घेतलंस, डोळ्याला अगदी लावून पाहिलंस आणि खुशीत म्हणालीस, "अगो, मारू नको ह्यांना. ती लाल किडी असते ना, पाठीवर ठिपके असलेली, तिची पोरं ही. रस पिणारा मावा खातात. येल माव्यानं आटलाय." मालक बघत होते. मी म्हटलं, "आये, तुला काय कळतंय त्यातलं? गप बस." आणि बाटली बाईच्या पिशवीत घातली.

 घरी परतताना पोलादपूरच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी पोरंबाळांचा बाप झालो तरी कुठे सोनकिडा सापडला की तू काडेपेटीत घालून माझ्यासाठी ठेवायचीस. त्या दिवसानंतर घरातल्या काडेपेटीत फक्त काड्याच असायच्या. वर्षाच्या आत तू गेलीस.

मी मात्र निवृत्त होईपर्यंत तेच विकलं. आपल्या वाडीच्या बांधावर, परसात माझ्याच हातच्या बाटल्या आल्या. आता संध्याकाळी पडवीतला दिवा लावला तर त्याच्याभोवती काहीच फिरत नाही. हे मी एकट्याने केलं नाही, पण मीही केलं, आणि आता याला इलाज आहे असं मला वाटत नाही.

आज सकाळी नातीला पाचवा किडा सापडला. पावट्याच्या पानावर, काळा, काटेरी, एकच. तिने पान तोडून माझ्यापुढे धरलं. "आजोबा, हा कोण? गुड की बॅड?" उत्तर जिभेवर होतं. पण ते दिलं की ती विचारणार, तुम्हाला कोणी शिकवलं, आणि मग तू येणार, तुडीलची बाई येणार. मी म्हटलं, "काय माहीत, बाळा." तिला किळस आली. तिने पान खाली टाकलं आणि चपलेने दाबलं. मी बघत उभा राहिलो. वहीत अजून चारच आहेत.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, दुसरं काय करू? तुला वाटलं असेल, शिकवलेलं पोरगा विसरला. विसरलो नव्हतो, आये. त्या दिवशी दुकानात तू पान उचलायच्या आधीच मी त्यांना ओळखलं होतं.