डाव्याची उजवी

२७ जानेवारी २०२५, सोमवार

खोकं आलं. एका कोपऱ्याला चेपलेलं! कुरिअरवाला म्हणतो, "काकी, सही करा, आत काय फुटलं असलं तर कंपनीला फोन लावा." कंपनीला फोन! नंबर दिल्लीचा, उचलतंय कोण?

दुकानातच उघडलं. टेबलावर उंब्रजच्या गिऱ्हाइकाची जळकी मोटर होती, ती खाली उतरवली, टेबल पुसलं, एकेक वस्तू मांडली. लाकडाची बॉडी, लांब दांडा, तारांची पुडी, खुंट्या, बटणं, मूठभर स्क्रू. आणि दोन काळ्या पट्ट्या, ज्यांच्या पोटात कॉइल असते. तेवढंच एक ओळखीचं. बाकी सगळं परकं.

हे कमरेवर हात ठेवून बघत उभे. म्हणाले, "अगं, ही गिटार न्हाई, गिटारीचं पोस्टमार्टम हाय."

मला हसू आलं नाही. तयार मिळाली असती तर कशाला हा व्याप? कोल्हापूरला विचारलं, पुण्यात विचारलं. "डाव्या हाताची ठेवत नाही मॅडम, कुणी मागत नाही." म्हणून ही सुटी मागवली. आमच्या पोरीचा, दीपाचा वाढदिवस तेवीस फेब्रुवारीला आहे. तोवर ही उभी करायची, बस्स.

२८ जानेवारी, मंगळवार

सोबतच्या कागदावर सगळी चित्रं उजव्या हाताच्या गिटारीची! मेल्यांनी डाव्याची पेटी विकली आणि कागद उजव्याचा घातला. अर्धा दिवस गेला. हे म्हणाले, "आरशात बघून जोड." मस्करीत म्हणाले, पण मी खरंच कपाटाच्या आरशापुढं कागद धरला. चित्र बरोबर दिसतं. अक्षरं उलटी दिसतात. इंग्रजी आधीच जेमतेम, त्यात उलटं. डोक्याला ताप!

३० जानेवारी, गुरुवार

कुणाला सांगत नाही, इथं लिहून ठेवते.

दीपा चार वर्षांची होती. वन्सं जेवायला आल्या होत्या. दीपानं डाव्या हातानं भाकरी मोडली. वन्सं म्हणाल्या, "डावरी पोरगी हाय गं तुझी. उजवायची कशी?" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून पट्टी सुरू झाली.

कॉटन टेप. मोटरीची कॉइल भरून झाली की जिनं आवळून बांधतो, ती पांढरी पट्टी. दुकानात रीळच्या रीळ पडलेली असतात. दीपाच्या डाव्या हाताची बोटं गुंडाळायची आणि मनगटाला गाठ. जेवताना आणि अभ्यासाला. दोन वर्षं! कुणी सांगितलं नव्हतं बांधायला. वन्सं बोलून गेल्या, विसरल्या. बांधली मी. गाठ पक्की मारायची सवयच माझ्या हाताला.

सुटली सवय. सगळ्यांनी वाहवा केली माझी.

गेल्या दिवाळीत दीपाला एक स्थळ सांगितलं. मुलगा चांगला, घरचा ऊस, कारखान्यात नोकरी. तिनं ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "आई, आधी डाव्याची उजवी केलीस. आता उजवून टाकायला निघालीस व्हय?" ताट तसंच ठेवून उठली. भाऊबीजेलासुद्धा थांबली नाही, पुण्याची गाडी पकडली. तेव्हापासून घरी पाऊल नाही. फोन दोन मिनिटांचा. "बरी आहे. जेवले. ठेवते."

आणि एक गोष्ट. नोकरीला लागल्यापासून ती घरी आली की चमच्यानं जेवते. भाकरी-आमटीसुद्धा! कुठलाच हात अन्नाला लावत नाही. मी कधी विचारलं नाही का ते.

त्याच दिवाळीत, भांडणाच्या आधी, ती मोबाईलवर गिटारी बघत होती. मी मागून बघितलं. सगळ्या डाव्या हाताच्या. मला बघून तिनं फोन पालथा घातला.

म्हणून ही गिटार.

१ फेब्रुवारी, शनिवार

फोन केला. "तेवीसला रविवारच आहे, ये." "बघू." बघू म्हणजे काय? येणार का नाही?

३ फेब्रुवारी, सोमवार

दोनातली एक कॉइल मेलेली! मीटर लावला, काटा हलेना. तार आत कुठंतरी तुटलीय. नवी मागवायची तर तीन आठवडे लागतील म्हणतात. तीन आठवड्यांनी काय करायचीय, लोणचं घालायचंय?

तीस वर्षं मोटरी भरतेय मी. पंखे भरले, मिक्सर भरले, साडेसात एचपीच्या मोटरी भरल्या. ही बोटभर कॉइल मला भरता येऊ नये? उघडली. आतली तार केसापेक्षा बारीक. आमच्याकडची सगळ्यांत बारीक तार तिच्यापुढं दोरखंड.

५ फेब्रुवारी, बुधवार

आणखी एक घोळ. दांड्याच्या टोकाला तारा अडकवायची खाचांची पट्टी असते, ती उजव्या हाताची पाठवलीय. जाड तारेची खाच पाहिजे तिथं बारीक, बारीक पाहिजे तिथं जाड. म्हणजे पेटीवर डावा लिहिलं आणि आत पुन्हा उजवाच कोंबला!

मी त्या पट्टीला शिव्या घालत असतानाच नाथाजी आला, उंब्रजचा. त्याच मोटरीचा मालक. "वैनी, ऊस वाळाय लागलाय माझा, आन् तुमी तमाशाचा फड काढताय व्हय?" मी म्हटलं, "मोटर उद्या मिळंल, आणि फडात ढोलकीला तुलाच घेते." गेला हसत. मोटर मात्र खरंच उद्या दिली पाहिजे. हे एकटे किती ओढणार!

८ फेब्रुवारी, शनिवार

मिरजेला जाऊन आले. गाडी तासभर लेट, बसायला जागा नाही, गिटारीचा दांडा साडीच्या पिशवीतून बाहेर आलेला. सगळा डबा माझ्याकडं बघतोय.

आधी सांगलीत उतरून बारीक तार मिळवली. तिसऱ्या दुकानात. दुकानदार म्हणतो, "साहेबांना पाठवा, गेज चुकंल." मी त्याला तारांच्या जाडीचा, गेजचा तक्ता पाठ म्हणून दाखवला. लगेच रीळ काढून दिलं.

मग मिरजेत रमजानचाचा. पिढीजात सतारी करणारे. खाचांची पट्टी बघितली, गालात हसले. उंटाच्या हाडाचा तुकडा घेतला आणि कानस चालवत बसले. घासायचं, तार बसवून बघायची, परत घासायचं. माझा जीव टांगणीला. गाडी चुकली तर?

काम करता करता म्हणाले, "ताई, वाजवणार कोण?"

"मुलगी."

"डावरी?"

"व्हय."

"तिचा हात बगितल्याबिगर मी कदी वाद्य देत न्हाई. तिला इचारलंय न्हवं?"

राग आला मला. म्हटलं, "चाचा, माझी पोरगी हाय. तिचा हात मला म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांनी परत कानस उचलली. पट्टी मात्र अशी केली की नखानं चाचपली तरी सांधा लागत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेसात हजार वेढे! वाइंडिंग मशीनचं हँडल हळूहळू फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. जरा ओढ बसली की तटकन् तुटते. पहिल्यांदा ९०० ला तुटली. मग २१०० ला. मग शिंकले मी, ३४०० ला.

चष्मा काढून फेकणार होते. हे म्हणाले, "चष्मा नको फेकूस, मला फेक."

१२ फेब्रुवारी, बुधवार

६८०० ला तुटली. आज काहीच लिहायचं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली! सात हजार पाचशे. मीटर लावला. काटा हलला! ह्यांना हाक मारली तर हे मोटरीत डोकं घालून, "हलणारच की, तू भरलीस न्हवं." एवढंच. पण मला बरं वाटलं.

कॉइलवर बांधायला कॉटन टेपचं रीळ हातात घेतलं आणि तशीच बसले. मग रीळ ठेवून दिलं. साध्या दोऱ्यानं बांधली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळं जोडलं, सोल्डरचे डाग दिले, वायरी लावल्या. ह्यांच्या मंडळाचा गणपतीतला ॲम्प्लिफायर आणला. तार छेडली. आवाज आला! मग आवाजाचं बटण वाढवायला गेले तर आवाज कमी! कमी करायला जावं तर कान फाटतील एवढा. उजव्या हाताच्या सवयीनं वायरी उलट्या लावल्या मी. आरशात बघून, चारदा तपासून, शेवटी हातानं आपलंच केलं!

दोन वायरींची अदलाबदल केली, झालं सरळ. मोटर उलटी फिरत असली की आम्ही तेच करतो. गिऱ्हाईक म्हणतं उलटी फिरते, आपण दोन वायरी बदलायच्या आणि सरळ फिरवून द्यायची. पोरीलाही तसंच करून टाकलं मी. ती उलटी नव्हतीच. देवा, ती उलटी नव्हतीच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. सकाळपासून चौकात डीजे. तारा सुरात लावायच्या तर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं तर ते डीजेचाच सूर दाखवतं! सहावी तार तुटली. पुडीत एक जादा होती म्हणून वाचले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दीपाचा स्वतःहून फोन! "येते रविवारी. पण संध्याकाळच्या गाडीनं परत." म्हटलं, चालेल. अर्धा दिवस तर अर्धा दिवस. फोन ठेवला आणि उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच.

काय बोलायचं तिच्याशी? चुकले म्हणायचं? कसं म्हणतात ते? मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. गिटारच देते. तिला कळेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उभी राहिली. सहाही तारा सुरात. दुकानाच्या खिडकीत ठेवलीय, येणारं-जाणारं थांबून बघतंय. वार्निशचा हात मोटरीच्याच वार्निशनं दिलाय, त्यामुळं थोडा दुकानाचा वास येतो तिला. येऊ दे.

हे म्हणाले, "पोरगी खूश होणार बघ." मीही तेच म्हणतेय सकाळपासून, स्वतःलाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली. गिटार बघितली. कितीतरी वेळ नुसता हात फिरवला. "तू केलीस? कॉइलसुद्धा?" डोळे भरले तिचे. माझेही.

मग तिनं ती उचलून मांडीवर घेतली. आणि उजवी धरली. गिटार उलटी, जाड तारा खाली, बटणं कोपराला टोचतायत. दोन सूर काढायला गेली आणि थांबली.

"आई, मी उजव्यानंच वाजवते. चार वर्षं झाली, पुण्यात क्लास लावला तेव्हापासून. डाव्यानं मला येतच न्हाई काही. दिवाळीत नुसत्या बघत होते मी त्या गिटारी. डावी राहिले असते तर कशी दिसली असती माझी, एवढंच."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. चाचा म्हणाले होते, इचारलंय न्हवं. नव्हतं विचारलं. तेव्हाही नाही, आताही नाही.

मी म्हटलं, "चुकले गं मी." म्हटलं एकदाचं. संध्याकाळची गाडी निघून गेली, ती बसूनच होती. गिटार मांडीवर, आता सुलटी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दीपा थांबलीय. रजा टाकली म्हणाली.

जेवायला बसलो. मी सवयीनं चमचा ठेवला. तिनं तो बाजूला सारला, उठली, दुकानात गेली आणि कॉटन टेपचं रीळ घेऊन आली. माझ्यापुढं उजवा हात धरला.

"आता हा बांध," म्हणाली.

माझ्या हातून गाठ बसेना.