उतारावरची पंगत

बुधवार, ८ मे २०२४, संध्याकाळचे सहा. नागोयातल्या खोलीत बुटांची माती जुन्या पेपरवर झटकत होतो, तेव्हा लिहायचं ठरवलं.

तीर्थरूप मामा, लांबूनच, पण वाकून नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे? (हे रीत म्हणून विचारलेलं नाही. छातीत, पोटात, कुठे काही असेल तर खरं लिहा.)

आमचं हॉटेल बुधवारी बंद असतं. त्या दिवशी मी कादंबरीताईंचं ओझं घेऊन डोंगरावर जातो. त्या पुण्याच्या, इथल्या विद्यापीठात झाडांवर संशोधन करतात आणि माझे जपानी कागद भरून देतात, त्याची ही फेड. वर दगडांच्या भेगांत मोहरीच्या जातीची वीतभर झाडं आहेत, चार पाकळ्यांची पांढरी फुलं येणारी, बर्फाखाली राहून दरवर्षी पुन्हा फुटणारी. प्रत्येकाजवळ आकड्याची चकती. आकडे माझ्या डोक्यात राहीनात (नववीतही राहिले नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे), म्हणून लग्नाच्या पंगतीत बसवतात तशी आपली माणसं बसवली. वरच्या ओळीत वडीलधारी, खाली पोरंसोरं.

मग सुचित्रामावशीवर धोंडा घसरला. म्हणजे तिच्या झाडावर. त्याच आठवड्यात मावशी न्हाणीघरात पडली. अंबरीषदादाचा शेंडा हरणाने खाल्ला, आणि दादा तिरुपतीहून गोटा करून आला. इथवर मी हसलो. एप्रिलात ताईंनी मुळं तपासायला एक झाड उपटलं, ते विनायकआजोबांचं होतं. पुढचं तुम्हीच फोनवर कळवलंत.

ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वरद, झाडं आहेत रे ती, तुझं वऱ्हाड नाही. आणि आजोबा ब्याण्णव वर्षांचे होते." मलाही पटलं. पण आज धुकं उतरलं, वारा मुळीच नव्हता, तरी अख्ख्या ओळीत एकच देठ हलत होता, सावकाश, तुम्ही पेपर वाचताना काही खरं नाही म्हणून मान हलवता तसा. ताईंनी नेमका त्यालाच लाल दोरा बांधला. बावीस तारखेला ते उपटायचं आहे, दुपारी बारा वाजता. तुमच्याकडे साडेआठ.

काळजी नसावी.

आपला,
वरद

ता. क. : त्या दिवशी साडेआठला गच्चीचा जिना चढू नका. दाढीसुद्धा नंतर करा.

ता. क. २ : ताई डबा खायला बसल्या की दोरा सोडून दुसऱ्या झाडाला बांधता येईल. पण कोणाच्या? (मी स्वतःला कुठेच बसवलेलं नाही, मी वाढणारा.) माझ्याने ठरत नाही. एकवीसपर्यंत एक नाव कळवा. मामींना विचारू नका, त्या स्वतःचंच सांगतील.