नकाशा हातात असताना

तीर्थस्वरूप मामांना, शाईने बरबटलेले दोन्ही हात जोडून भाच्याचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. महिनाभर एक अक्षरही वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. तेवढं पाळा बुवा, तुमच्या हट्टाचा भरवसा नाही. आमच्या मुख्याध्यापिका (म्हणजे तुमच्या घरच्या मामी) कशा आहेत? शाळेत त्यांची तब्येत विचारायची माझी छाती होत नाही.

तर आठवीच्या अडतीस पोरांना राजधानी दाखवून आणली. मामींनी निघतानाच सांगितलं होतं, की परत आल्यावर प्रत्येकाने संसदेवर निबंध लिहायचा, आणि ते वाचूनच पुढच्या वर्षीची सहल माझ्याकडे की ड्रॉइंगच्या मास्तरांकडे हे त्या ठरवणार. (ड्रॉइंगचे मास्तर! त्यांना स्वतःची गल्ली सापडत नाही.) मी पडलो भूगोलाचा माणूस. नकाशा हातात असताना वाट विचारायची नाही, हे मी वर्गात इतकं घोकून घेतलंय की पोरं झोपेतही म्हणतील. चौकात दोन पोलीस, एक फुलवाला आणि एक म्हातारबाबा आपणहून वाट सांगायला आले. मी चौघांनाही हसून वाटेला लावलं. डावीकडे वळलो आणि समोर हा घुमट, हे खांब! पायऱ्यांवर उभा राहून पाऊण तास बोललो. "इथेच देशाचं भवितव्य ठरतं," म्हटल्यावर खिडक्यांतून कारकून डोकावले. एक हेडक्लार्क डोळे पुसत खाली आले. तीस वर्षांत त्यांच्या कचेरीबद्दल कुणी असं बोललं नव्हतं म्हणे. त्यांनी आम्हाला आत नेलं, लोखंडी कपाटं उघडून दाखवली, पोरांना बिस्किटं दिली, आणि शेवटी भिंतभर पसरलेला एक नकाशा दाखवला. अहाहा, मामा, काय नकाशा! पण त्यात रस्त्यांखाली नुसते पाइपच पाइप पाहिले, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ते सांडपाणी खातं होतं. संसद मागच्या रस्त्याला होती. सकाळी बसमधून जाताना मीच ती पोरांना मोठं पोस्ट ऑफिस म्हणून दाखवली होती.

मी मूग गिळून गप्प बसलो. सदतीस पोरांनी लिहिलंय, की देशाचे नेते फार साधे असतात आणि जेवणाचा डबा टेबलाखाली ठेवतात. खरं सांगू? इतकी रंगलेली सहल मी आजवर नेली नव्हती.

तुमचा भाचा

ता.क. सोमवारी निबंधांचा गठ्ठा घरी येईल. वरून सत्ताविसावा तेवढा चाचपून काढा आणि गादीखाली सरकवा. तो आमच्या वर्गातल्या शंकासुरीचा आहे. मथळाच "आम्ही पाहिलेलं गटार खातं" असा आहे. तिने आत शिरतानाच पाटी वाचली होती. मग बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणते, "सर, नकाशा तुमच्या हातात होता ना!"

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवताना डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला वाचायला बंदी, म्हणजे हे पत्र तुम्हाला वाचून कोण दाखवतंय?

मामी, साष्टांग नमस्कार. सत्ताविसावा निबंध आधी वाचा. अडतिसांत तोच सगळ्यात चांगला आहे. मार्क कापायचेच तर माझे कापा.