ओव्हरस्मार्ट

सोमवार, ७ एप्रिल

आणि वर सोसायटीच्या मिटिंगीत सुधीरराव सगळ्यांसमोर म्हणतात, "बाई, ओव्हरस्मार्ट बनू नका." सेक्रेटरी झाले म्हणून? मी मागितलं काय, तर माझ्या गाळ्यापासून गच्चीपर्यंत एक पाइप. मिरचीचा खकाणा वरच्या वर जाईल, कुणाला शिंकायला नको. पण सुधीररावांचं एकच – मसाल्याचा डंक बंद करा, बिल्डिंग खोकते. ऐन एप्रिलात! वर्षाचा मसाला बाया आत्ताच करतात. सोळा वर्षं मानपाड्यात मिरची कुटतेय. हातांची आग कधी कुणाला सांगितली नाही. पण हा शब्द घशाखाली उतरत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

स्मार्ट तर चांगला शब्द ना? भाचीच्या स्थळाच्या कागदात लिहिलेला. मग शिवी कशी झाली? तेच डोक्यात. धणे करपले.

बुधवार, ९ एप्रिल

दुसऱ्या मजल्यावरची देवयानी कॉलेजात इंग्रजी शिकवते. हळद न्यायला आली, तिला धरलं.

"शेवंतीमावशी, मुळात, हजार वर्षांपूर्वी, स्मार्ट म्हणजे हुशार नव्हतंच. म्हणजे झोंबणारं. जखमेला मीठ लागल्यावर होतं तसं."

मग?

"मग झोंबेल असं बोलणारा. मग चलाख. मग टापटीप कपड्यातला. आता फोनपण."

म्हटलं, म्हणजे शब्द मजले चढत गेला. तळमजल्यावर आगच.

ती हसली. मी नाही. झोंबणं हेच तर माझं काम. मशीनचं नावच डंक. माझा मसाला झोंबला नाही तर बाया परत आणून आपटतील. चौथी शिकले, पण इंग्रजांच्या हजार वर्षं जुन्या शब्दात मी बरोबर बसते. सुधीरराव शिवी द्यायला गेले आणि खरं बोलून बसले.

देवयानीकडून पाइपचा अर्ज लिहून घेतला. दिवसभर ताठ चालले.

गुरुवार, १० एप्रिल

सेक्रेटरींच्या सुमतीवहिनी आल्या, तीन किलो बेडगी घेऊन. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "यांना बोलू नका हं, पण यंदा लवंगी थोडी वाढवा. मागच्या वर्षीचा यांना मिळमिळीत लागला."

मी पिशवी घेतली. अर्ज पुढे केला. म्हटलं, पेन आहे माझ्याकडे.

शुक्रवार, ११ एप्रिल

अर्ज सुधीररावांच्या हातात दिला. बावीस सह्या. पहिली त्यांच्याच घरातली. शेवटची माझी – शेवंती, ओव्हरस्मार्ट. पाइप, हो की नाही? रविवारी संध्याकाळी सहापर्यंत लेखी उत्तर पाहिजे.