पार्ट टाइम डॉक्टरीणबाई

४ फेब्रुवारी २०२५

झाले! डॉक्टर झाले. मॅनेजमेंटची. सहा वर्षं, सगळे रविवार, सगळ्या दिवाळ्या घालून — पार्ट टाइम!

तोंडी परीक्षा काल उरकली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला — जेवण कुठे ठेवलंय? दुसरा आठवत नाही. पहिल्याचंच उत्तर बराच वेळ देत होते.

माझा विषय: बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतमाल-प्रक्रिया उद्योगांत माणसं का टिकत नाहीत. त्यासाठी संग्रामपूरपासून साखरखेर्ड्यापर्यंत मिलच्या दारोदार फिरले. उत्तर पहिल्याच मिलमध्ये मिळालं होतं — पगार. पण एका शब्दाचा प्रबंध विद्यापीठ घेत नाही.

मामाजींनी गल्लीत पेढे वाटले. "बाबासायबानं दोन-दोन केल्या, सूनबाई. तुले एका पीएचडीले सहा वर्स लागले. पण झाली ना! बस."

नवरा, प्रसेनजित, जिल्हा परिषदेचा मास्तर. त्याचा एकच प्रश्न — "इन्क्रिमेंट लागते का?"

५ फेब्रुवारी

मी नोकरी करते त्या मिलमध्ये शाल, नारळ, टाळ्या. अकाउंटचे लक्ष्मीकांत सर म्हणाले, "मॅडम, गुडघा दुखतोय, काही देता का?" सगळे हसले. मीही हसले. आता हे जन्मभर हसायचं आहे.

११ फेब्रुवारी

मिलचे मालक अविनाशशेठ, त्यांच्याकडे गेले. सहा वर्षांपूर्वी याच केबिनमध्ये, याच खुर्चीतून ते म्हणाले होते, "पर्सोनेल मॅनेजर व्हायचं तर तुमची डिग्री कमी पडते, ताई." म्हणून तर सगळा खटाटोप! आज त्यांना आठवण करून दिली.

शेठनी चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काम होत नाही.

"असं आहे ताई, आता तुम्ही जास्तच शिकल्या. जास्त शिकलेला माणूस टिकत नाही. उद्या कुठंतरी निघून जाल, मग आम्ही काय करायचं?"

म्हणजे तेव्हा कमी होती, आता जास्त झाली. मधे कधीतरी बरोबर मापाची होती म्हणायची. तेव्हा मी नेमकी सर्वेक्षणात असणार!

२० फेब्रुवारी

मॅनेजमेंट कॉलेजात जाऊन आले. प्राचार्य फार आदरानं बोलले. जागा आहे — तासाप्रमाणे. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही. परीक्षेतही नाही. "पण मॅडम, अनुभव मिळेल!"

अनुभव मला मिलमध्ये मिळतोच आहे. पोटभर.

३ मार्च

शेठचा मुलगा शौनक पुण्याहून आला आणि आल्या आल्या जनरल मॅनेजर झाला. याला म्हणतात गुणवत्ता. पुन्हा शाल, नारळ, टाळ्या. टाळ्या मीही वाजवल्या.

१८ मार्च

शौनकनं बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, मलाही पीएचडी करायचीये. पार्ट टाइम. नावापुढे 'डॉक्टर' असलं की बाहेर वजन पडतं."

"करा ना सर. मी वाचायला काय काय लागतं ते सांगते."

"वाचायला मला कुठे वेळ आहे? तुम्हीच लिहून द्या. तुमचंच थोडं इकडंतिकडं केलं तरी चालेल. पर्सोनेल मॅनेजरचं पत्र मी आजच काढतो. पप्पांशी बोललोय."

पार्ट टाइमचा अर्थ आज कळला. टाइम माझा, डिग्री त्यांची.

आणि गंमत बघ — सहा वर्षांत माझ्या पीएचडीची किंमत ओळखणारा हा पहिला माणूस!

१९ मार्च

प्रसेनजितला सांगितलं. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "घे. सहा वर्षं पाण्यात गेली म्हणून तूच रडत होती ना? वसूल होतील."

चूक म्हणवत नाही त्याला. तो सहा वर्षं भाजी निवडतोय.

मॅनेजरची खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. आठ तास हिशेब मांडला मनात, मिलमध्ये एक काम धड झालं नाही. लिहायला असं किती लागेल? वाट माहीत आहे. आकडे माझ्याकडेच आहेत. कोण विचारतंय?

मामाजींना मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं — तिथंच माझं मला कळलं.

२१ मार्च

नाही म्हणून आले.

"सर, नाही जमणार."

"जमणार नाही, की करायचं नाही?"

"करायचं नाही."

चिडेल वाटलं होतं. उलट हसला! "ओके मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." इतका गोड बोलला की गेटपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.

 रात्री पोळ्या प्रसेनजितनं केल्या. करपल्या. दोघांनी खाल्ल्या.

२४ मार्च

गेटवर हजेरीच्या मशीनला अंगठा लागला नाही. पदराला पुसून पुन्हा लावला. मशीन लाल. पुन्हा लाल.

वॉचमन हरिओम माझ्याकडे पाहीना. "मॅडम, सकायीच तुमचं नाव काढलं त्यायनं. आत सोडू नको म्हणून सांगून ठेवलं मले."

तशीच उभी राहिले. आतून मिल सुरू झाल्याचा आवाज आला. डबा हातात, सकाळचे नऊ, आणि जायला कुठेच नाही.

हरिओम खुर्ची सोडून बाहेर आला.

"डॉक्टर मॅडम, ऑटो थांबवू का?"

या मिलमध्ये मला असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं.

"हाव," म्हटलं, "थांबव."