सुक्यासाठी प्रार्थना

मिशनची चाळ, पालघर
रविवार, ता. २३ ऑक्टोबर १९६६

चि. सुका यास,

तुझ्या सासऱ्याचा, जिवल्याचा, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. नवसीचं कार्ड येऊन महिना झाला. तुझ्या नावाने तर लग्नानंतरच्या चार वर्षांत हे पहिलंच पत्र. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षर मोठं, कागद पुरेल की नाही याचीच धास्ती वाटते.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा दुखतो. तू आता जेवतोस ना? विषमज्वरातून उठलेल्याने तळलेलं खाऊ नये. नाचणीची पेज घे. कामावर लगेच जाऊ नकोस. पाणी उकळूनच पी.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला आता कुठून आठवण झाली. ऐक.

कार्डावर लिहिलं होतं, "पाऊस थांबत नाही. सुक्यासाठी प्रार्थना करा. फार काळजी वाटते." नवसी नवापूरला कोळ्यांकडे बोंबील वाळवायच्या कामाला जाते, हे मला ठाऊक. मी धरलं, सुकं म्हणजे वाळत घातलेली मासळी भिजली, पोरीचं काम गेलं. तुझं नाव ती कशी लिहील? आपल्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पण कार्ड तिने लिहिलंच नव्हतं, हे मला परवा कळलं. ती सांगत होती, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा," आणि लिहून देणाऱ्या तुमच्या गावच्या कमलाकांत मास्तरांनी सरळ नाव घातलं.

गुरुवारच्या प्रार्थनेला मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या मुलीच्या सुक्यासाठी मागा. ऊन पडू दे." मंडळीतली म्हातारी बायडी कानाने कमी. ती लगेच सुरू झाली, "प्रभू, जिवल्याच्या जावयाला, सुकाला सांभाळ. जिथं असंल तिथं त्याला धर."

मी ओरडलो, "अगं बायडे, सुका नाय, सुकं! म्हावरं!"

ती डोळे मिटूनच म्हणाली, "म्हावऱ्यासाठी तू माग. मी पोरासाठी मागते. दोन वर्सांनी तुज्या तोंडात त्याचं नाव आलं, आता परत कशाला गिळतोस?"

सगळे हसले. मी रागाने घरी आलो. पण दर गुरुवारी तेच. मी मासळीसाठी मागायचो, ती तुझ्यासाठी.

परवा शुक्रवारी बाजारात मास्तर भेटले. म्हणाले, "जावई उठला बाबा, सुटलात."

"कुठून उठला?"

"अहो, तीन आठवडे तापात पडला होता. मीच नाही का कार्ड लिहिलं? तुम्ही आला नाहीत म्हणून नवसी रडायची."

"मी सुक्यासाठी प्रार्थना केली, मास्तर. सुक्या मासळीसाठी."

ते आधी हसले. मग मी तिथेच खाली बसलो. त्यांनी हात धरून मला चहाच्या दुकानात नेलं. तू बरा आहेस हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. छातीवरचा धोंडा उतरला. चहा मात्र गार झाला.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. कार्ड प्रथम वाचलं तेव्हा तू मनात आला होतास. मीच म्हटलं, छे, मासळीच असणार. तू रविवारची उपासना सोडून तारापूरच्या बांधकामावर जायला लागलास, तेव्हा चर्चच्या पायरीवर चारचौघांत मी बोललो होतो, "याचं नाव माझ्या प्रार्थनेत येणार नाही." ते मी पाळलं. पोस्टमनसाठी मागायचो, मिशनच्या आजारी बैलासाठीसुद्धा मागितलं. नवसीसाठी मागताना तू तिच्या शेजारी दिसायचास, मी डोळे घट्ट मिटून पुढे जायचो.

छप्पर उघडून आजाऱ्याला येशूसमोर खाली सोडणारे ते चौघे, त्यांची गोष्ट मीच मंडळीत सांगत असतो. त्यांच्यासारखं दुसऱ्याला उचलून न्यावं, एकट्यापुरतं मागू नये, असंही वर सांगतो. तुझ्या वेळी मी खालीच उभा होतो. बायडीने एकटीने दोरी धरली.

आज उपासनेत मी उभा राहिलो. "सुका" म्हणालो, पण तोंडातल्या तोंडात. मागून बायडी ओरडली, "ऐकू नाय आलं!" मग मोठ्याने म्हणालो. तुझं नाव, तू काय काम करतोस, कुठे राहतोस, सगळं प्रभूला सांगितलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. घरी येताना गुडघा दुखला नाही.

आता कागद संपत आला. ताप परत आला नाही ना, एवढं लवकर कळव. मास्तरांकडून नको, स्वतःच्या हाताने लिही. दोन ओळी पुरे. पोस्टमन दुपारी येतो, मी ओट्यावरच बसलेला असतो.

आजपासून तुझं नाव घेणारा,
तुझा बाबा
जिवल्या